बाहेरचा फोन थेट टेबलावर: ऑफिसात डीआयडी नंबर कसे बसवायचे

आमचा कारखाना नाशिकच्या अंबडला, निर्यातीच्या द्राक्षांसाठी पुठ्ठ्याचे खोके बनवणारा. पूर्वी जानेवारी ते एप्रिलमध्ये सकाळी दहाच्या सुमाराला रिसेप्शनवरच्या बोर्डाचे चारही दिवे लाल असायचे. दिंडोरीचा बागायतदार, पिंपळगावचं पॅकहाउस, द्वारका चौकाच्या गर्दीत अडकलेला ट्रकवाला, कागदाच्या मिलचा माणूस, सगळे त्याच चार लाइनींवर. ताई एकाला "थांबा, जोडून देते" म्हणेपर्यंत दुसरा कंटाळून फोन ठेवायचा. त्यातल्या बहुतेकांना फक्त डिस्पॅचशी बोलायचं असायचं, आणि डिस्पॅचचा माणूस आत रिकाम्या फोनसमोर बसलेला असायचा.

यावरचा उपाय म्हणजे डीआयडी, अर्थात डायरेक्ट इनवर्ड डायलिंग. बाहेरच्या माणसाने एक पूर्ण नंबर फिरवला की ऑपरेटरच्या मध्यस्थीशिवाय फोन थेट आतल्या एक्स्टेंशनवर वाजतो. ऑफिसच्या फोनची जबाबदारी ज्याच्या गळ्यात नव्याने पडली आहे, मग तो आयटीचा मुलगा असो, ॲडमिनचा माणूस असो की स्वतः मालक, त्याच्यासाठी हे लिहितोय. मशीन, म्हणजे ऑफिसातले फोन बाहेरच्या लाइनींशी जोडणारं ईपीएबीएक्स, कुठल्याही कंपनीचं असलं तरी कामाचा क्रम हाच राहतो.

आधी समजून घ्या: नंबर तारेला चिकटलेला नसतो

घरच्या लँडलाइनमुळे एक समजूत डोक्यात पक्की बसलेली असते, की एक तार म्हणजे एक नंबर. साध्या दोन तारांच्या लाइनवर ते खरंही आहे. एक्स्चेंज त्या तारेवर फक्त रिंग पाठवतं. फोन करणाऱ्याने कुठले अंक दाबले हे ते सांगत नाही आणि सांगायची गरजही नसते. म्हणूनच अशा लाइनी कितीही जोडल्या तरी डीआयडी मिळत नाही. मशीनला एवढंच कळतं की तिसऱ्या लाइनवर कोणीतरी आहे.

डीआयडीसाठी पीआरआय (एकाच जोडणीतून अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन) किंवा सिप ट्रंक (इंटरनेटच्या तंत्राने कॉल नेणारी जोडणी) लागते. त्यांत बोलण्याच्या आधी एक छोटा निरोप येतो. समजा तुम्हाला मिळालेल्या १०० नंबरांचे शेवटचे चार अंक ४२०० ते ४२९९ आहेत. निफाडहून कोणी ०२५३ लावून ४२१७ ने संपणारा नंबर फिरवला. हे शंभरही नंबर अमुक कारखान्याच्या एकाच जोडणीवर जातात, अशी नोंद नाशिकच्या एक्स्चेंजमध्ये आहे. एक्स्चेंज त्या जोडणीतली एक मोकळी वाट पकडतं आणि तुमच्या ईपीएबीएक्सला कळवतं: ४२१७ साठी फोन आहे, करणाऱ्याचा नंबर असा असा. मशीन आपल्या तक्त्यात ४२१७ शोधतं, समोर २१७ लिहिलेलं दिसतं आणि २१७ वर घंटी वाजवतं. एवढीच सगळी गंमत.

जुन्या नाशकातला वाडा आठवा. बाहेरून दरवाजा एक, आत दहा बिऱ्हाडं. पत्र कोणाचं हे दरवाजा सांगत नाही, पाकिटावरचं नाव सांगतं. डीआयडीत तार हा दरवाजा आहे आणि अंक हे पाकिटावरचं नाव. म्हणून या कामात स्क्रू-ड्रायव्हरपेक्षा तक्ता जास्त महत्त्वाचा. तक्ता चोख असेल तर साधं मशीनही नीट चालतं. तक्ता चुकला तर लाखाचं मशीनही चुकीच्या टेबलावर घंटी वाजवत राहतं.

इथे नवीन माणसाची हमखास होणारी गफलत सांगतो. १०० नंबर मिळाले म्हणजे १०० जण एकदम बोलू शकतील, असं नाही. एका पीआरआयमध्ये ६४ केबीपीएसच्या ३२ खाचा असतात, मिळून २.०४८ एमबीपीएस. त्यातली एक ताळमेळ राखायला, एक निरोपासाठी, आणि उरलेल्या ३० बोलण्यासाठी. एकतिसावा फोन आला की त्याला एंगेज टोन. आणि तुमच्या माणसांनी बाहेर लावलेले फोनही त्याच ३० मध्ये धरायचे. सिपमध्ये हा आकडा चॅनल म्हणून वेगळा विकत घेतात, तो १० असू शकतो, ५० असू शकतो. नंबर किती घ्यायचे आणि वाटा किती घ्यायच्या, हे दोन वेगळे हिशेब आहेत.

पहिलं काम: वही घेऊन कारखाना फिरा

मशीनला हात लावायच्या आधी एक साधी वही घ्या आणि गेटपासून गच्चीपर्यंत प्रत्येक फोनपाशी जाऊन उभं राहा. इथे कोण बसतं, बाहेरून कोणाचे फोन येतात, जागेवर कोणी नसलं तर फोन कोण उचलतं, हे विचारा. मग वहीत सहा रकाने आखा: डीआयडीचे शेवटचे चार अंक, एक्स्टेंशन, काम, सध्याचा माणूस, उचलला नाही तर कुठे जायचं, सुट्टीत कुठे जायचं.

"काम" हा रकाना "माणूस" या रकान्याच्या आधी आहे, तो मुद्दाम. नंबर कामाला द्यायचा असतो. ४२१७ हा डिस्पॅचचा नंबर, तिथे आज जो बसतो त्याचा नव्हे. हे मी अनुभवातून सांगतोय. आमच्याकडे डिस्पॅच सांभाळणारे गृहस्थ सिन्नरच्या युनिटला गेले. त्यांचं टेबल दुसऱ्याला मिळालं, त्या दुसऱ्याने येताना आपला जुना फोन आणला, आणि आधीचा फोन कपाटाच्या मागे ढकलला गेला. वायर जोडलेलीच होती. मोहाडीचे एक बागायतदार आठवडाभर तो नंबर लावत होते आणि कपाटामागे घंटी वाजत होती. त्यांचा माल तोडायला आला होता, खोके पोचले नव्हते. शेवटी ते स्वतः गाडी घेऊन अंबडला आले. मी त्यांच्यासमोर मोबाइलवरून नंबर लावला आणि दोघांनी मिळून ती बारीक घंटी ऐकली. त्या दिवसापासून आमच्याकडे टेबल हलवायच्या आधी वही उघडते.

सगळ्यांना डीआयडी द्यायचा मोह टाळा. डिस्पॅच, खरेदी, हिशेब, क्वालिटी, एचआर, गेट यांना द्या. शॉप फ्लोअरवरच्या फोनला, मीटिंगच्या खोलीला, कँटीनला नको. मालकांचा डीआयडी असेल तर तो बाहेर छापू नका आणि त्यांच्या सहायकाकडे आधी वाजू द्या.

एक्स्टेंशनचे अंक डीआयडीच्या शेवटच्या तीन अंकांशी जुळवले की सगळ्यांना लक्षात ठेवायला सोपं जातं. ४२१७ चं २१७. पण जुळवताना एक अडचण येऊ शकते. तुमचा गट ४१०० ते ४१९९ मिळाला तर एक्स्टेंशन होतील १०० ते १९९, आणि त्यात १००, १०१, १०८, ११२ हे आणीबाणीचे नंबर येतात. मशीनवर काम करणाऱ्याचा हात अडकला, कोणी घाबरून जवळच्या फोनवरून थेट १०८ दाबलं आणि घंटी स्टोअरमध्ये वाजली, असं होता कामा नये. अशा वेळी सरळ ५०० ची मालिका घ्या, ४११७ चं ५१७ करा. आणि कोणतीही मालिका असली तरी आधी शून्य न लावता ११२ बाहेर लागेल असं मशीनमध्ये बसवून घ्या. बाहेरच्या लाइनसाठी ० आणि ऑपरेटरसाठी ९ वापरत असाल, तर त्या अंकांनी सुरू होणारी एक्स्टेंशन ठेवायची नाहीत.

दुसरं काम: टेलिकॉम कंपनीला नेमकं काय विचारायचं

विक्रीला येणारा माणूस भाड्याबद्दल बोलेल. तुम्ही हे विचारा: नंबर सलग मिळतील का, पायलट नंबर (सगळ्या गटाचा मुख्य नंबर) कुठला, एकावेळी किती कॉल, फोन आला की मशीनला शेवटचे किती अंक पाठवणार, आणि आम्ही बाहेर फोन केला तर समोरच्याला आमचा डीआयडी दिसेल की पायलट. अंकांबद्दलचं उत्तर लेखी घ्या. कोणी चार अंक पाठवतं, कोणी सात, कोणी दहा, कोणी पुढे ९१ लावून बारा. पुढची निम्मी डोकेदुखी या एका उत्तराने वाचते.

जुना नंबर घाईने बंद करू नका. मोबाइलसारखा लँडलाइन नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याची सोय आपल्याकडे नाही. जो नंबर वर्षानुवर्षं खोक्यांवर, बिलांवर, चलनांवर छापलाय तो निदान वर्षभर चालू ठेवा आणि नव्या पायलटवर डायव्हर्ट करून ठेवा. जागा बदलायचा विचार असेल तर तोही आधी सांगा. अंबडहून सातपूरला गेलात तरी कोड ०२५३ च राहतो. सिन्नरला गेलात तर कोड ०२५५१ होतो, आणि नंबर सोबत येईल असं गृहीत धरू नका.

नंबर फक्त परवानाधारक कंपनीकडूनच घ्या. सिमकार्डांचा डबा लावून स्वस्तात कॉल फिरवून देतो म्हणणारे भेटतात. ते बेकायदा एक्स्चेंज असतं, त्यांच्या नादी लागू नका.

तिसरं काम: जोडणी

हे बहुतेक कंपनीचा माणूस आणि मशीनवाला मिळून करतात, तुम्ही शेजारी उभं राहा. पीआरआय असेल तर घड्याळाची (म्हणजे दोन्ही टोकांचा ताळमेळ राखण्याची) सेटिंग "लाइनवरून घ्या" अशी हवी, आणि सीआरसी-४ (लाइनवरच्या चुका ओळखणारी तपासणी) दोन्ही टोकांना सारखं हवं: चालू तर दोन्हीकडे चालू, बंद तर दोन्हीकडे बंद. हे जुळलं नाही तर दिवा हिरवा दिसूनही अधूनमधून कॉल तुटतात आणि सगळे विनाकारण तारेवर संशय घेतात. सिप असेल तर फोनसाठी नेटवर्कचा वेगळा भाग करून घ्या. नेहमीच्या आवाजाच्या दर्जाला एका कॉलमागे साधारण १०० केबीपीएस धरा, म्हणजे ३० कॉलना ३ एमबीपीएस. हे काही फार नाही, पण कोणी मोठी फाइल चढवायला घेतली की आवाज तुटतो, म्हणून फोनला प्राधान्य द्यायला सांगा.

आणि यूपीएस. मशीन यूपीएसवर असतं, पण फायबरचा मोडेम भिंतीवरच्या साध्या प्लगमध्ये खोचलेला असतो. जूनच्या पहिल्या वळवाला वीज गेली की मशीन चालू आणि फोन मुके. मोडेमही यूपीएसवर घ्या.

चौथं काम: तक्ता मशीनमध्ये भरणं

इथे घाई करू नका. भरण्याच्या आधी मोबाइलवरून ४२१७ ला एक फोन लावा आणि मशीनवाल्याला कॉलची नोंद स्क्रीनवर दाखवायला सांगा. "कॉल्ड नंबर" पुढे काय दिसतं ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आमच्या वेळी कागदावर "४ अंक" लिहिलं होतं. स्क्रीनवर आले दहा, २५३ पासून. तक्त्यात चारच अंक असल्यामुळे एकही नंबर जुळेना, आणि न जुळलेले सगळे फोन ताईंच्या बोर्डावर पडत होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की सगळं व्यवस्थित चाललंय, कारण फोन तर वाजत होते! स्क्रीन उघडली नसती तर आम्ही डीआयडीचं भाडं भरत जुन्याच पद्धतीने जगलो असतो. दुरुस्ती दोन मिनिटांची होती: मागचे चार ठेवा, पुढचे सोडा.

सिपमध्ये आणखी एक खोड असते. काही कंपन्यांच्या निरोपात पहिल्या ओळीत पायलट नंबर असतो आणि प्रत्यक्ष फिरवलेला नंबर "टू" नावाच्या ओळीत असतो. मशीन पहिली ओळ वाचत असेल तर सगळे कॉल पायलटवर जातात. तुमच्याकडे कितीही तक्ता तपासून काही सापडत नसेल तर हे विचारा.

मग वहीतली ओळ वाचत एकेक नोंद भरा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने भरायचं. ४२१७ च्या जागी ४२७१ होणं अगदी सोपं असतं. सगळ्यात शेवटी एक नोंद अशी ठेवा की तक्त्यात नसलेला कुठलाही नंबर आला तर तो ऑपरेटरकडे जाईल. वापरात नसलेले नंबरही त्यातच पडू द्या. समोरच्याला "हा नंबर अस्तित्वात नाही" हे कधीही ऐकू येऊ नये.

पाचवं काम: फोन उचलला नाही तर

माझ्या मते अख्ख्या डीआयडीचं यश या रकान्यावर आहे, आणि हाच रकाना लोक रिकामा सोडतात. ऑपरेटर असताना ताई निदान "साहेब जागेवर नाहीत" म्हणायच्या. डीआयडीत ती ताई मधून गेली. फोन उचलला नाही तर समोरच्याला फक्त घंटी ऐकू येते.

मशीनमध्ये वेळ सेकंदांत भरायची असते आणि माणसं घंट्या मोजतात. आपल्याकडची "ट्रिंग-ट्रिंग" ही जोडी दर ३ सेकंदांनी येते, म्हणजे पाच घंट्या म्हणजे १५ सेकंद. टेलिकॉम नियामक ट्रायने २०१९ मध्ये घंटी वाजण्याची मुदत ठरवून दिली: मोबाइलवर ३० सेकंद, लँडलाइनवर ६०. म्हणजे तुमच्या हातात सगळं मिळून एक मिनिट आहे. डिस्पॅचला १५ सेकंद, मग डिस्पॅचच्या बाकी दोन फोनांवर एकदम १५, मग ऑपरेटर. तीन टप्पे पुरेत. प्रत्येक टप्प्याला ३० सेकंद दिलेत तर तिसऱ्या टप्प्यापर्यंत कॉल पोचायच्या आधीच तुटेल.

मोबाइलवर डायव्हर्ट करत असाल तर दोन गोष्टी. तो एक कॉल दोन वाटा अडवतो, एक येण्याची आणि एक जाण्याची. दुसरं, १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना पुढे शून्य लागतं. बाहेरच्या लाइनसाठीही तुम्ही शून्य वापरत असाल तर नोंदीत मोबाइल नंबरापुढे दोन शून्यं हवीत, एक मशीनसाठी आणि एक एक्स्चेंजसाठी. एकच भरलं तर डायव्हर्ट चालत नाही.

सुट्टीची वेळ भरताना मशीनमध्ये आधीपासून रविवार बंद म्हणून भरलेला असतो. आमची साप्ताहिक सुट्टी शनिवारी. सुरुवातीला रविवारी कारखाना भरलेला आणि फोन सगळे गेटवर वाजायचे. आपला वार बघून भरा, आणि रात्रीचे फोन गेटवर जाणार असतील तर वॉचमन काकांच्या टेबलावर कोणाला कळवायचं त्याची चार नावं चिकटवून ठेवा.

बाहेर जाणाऱ्या फोनवर काय दिसतं

डिस्पॅचने बागायतदाराला फोन केला तर त्याला ४२१७ दिसायला हवा, म्हणजे तो उलटा फोन करेल तेव्हा थेट डिस्पॅचलाच लागेल. हे प्रत्येक एक्स्टेंशनला वेगळं भरावं लागतं. शॉप फ्लोअरच्या फोनांना पायलट दाखवा. आपल्या गटाबाहेरचा नंबर दाखवायचा प्रयत्न केला तर कंपनी कॉल अडवते किंवा स्वतःचा नंबर लावते.

त्याच बैठकीत आयएसडी बंद करून घ्या, ज्या दोघांना लागतं त्यांनाच द्या. सिप एक्स्टेंशनचा पासवर्ड एक्स्टेंशनचाच नंबर ठेवलेला आढळतो, तो आधी बदला. मशीन इंटरनेटवर उघडं ठेवू नका. रात्रीतून परदेशी कॉल लावून बिल फुगवणारे अशीच उघडी मशीनं शोधत असतात, आणि ते बिल तुमच्या नावावर येतं.

तपासणी

दोघं जण लागतात. एकजण गेटबाहेर मोबाइल घेऊन, दुसरा आत वही घेऊन. बाहेरच्याने ४२०० पासून एकेक नंबर लावायचा, आतल्याने कुठे वाजलं ते बघून टिक करायची. मग पुन्हा एकदा, आत कोणीही न उचलता, कॉल कुठे कुठे जातो ते बघत. मग लँडलाइनवरून, ०२५३ न लावता. मग संध्याकाळी सुट्टीची वेळ सुरू झाल्यावर. आमचे ४० नंबर तपासायला अख्खी दुपार गेली आणि तीन चुका सापडल्या. त्यातली एक हिशेब खात्याची होती, त्यांचे फोन कँटीनमध्ये वाजत होते.

टिका पूर्ण झाल्यावरच नंबर छापायला द्या, आणि छापताना ०२५३ सोबत असू द्या, बाहेरगावचा माणूस तेच शोधतो. खोक्यावर डिस्पॅचचा, बिलावर हिशेबाचा, खरेदीच्या ऑर्डरवर खरेदीचा. पायलट सगळीकडे.

पुढे महिन्यातून एकदा, आमच्याकडे पहिल्या रविवारी, कॉलची महिनाभराची नोंद काढा आणि ज्या डीआयडीवर फोन आले पण एकदाही उचलले गेले नाहीत त्यांची यादी करा. मग वही घेऊन त्या फोनपाशी जा आणि कपाटामागेही बघा.